जीवनसत्त्वांचा बाजार, विवेकाचा विसर

सुशिक्षित मध्यमवर्गीय घराच्या जेवणाच्या टेबलावर एके काळी लोणच्याची बरणी आणि मिठाचे भांडे असे. आज त्यांच्या जोडीला प्लॅस्टिकच्या डब्यांची एक रांग उभी असते. आजोबांचे कॅल्शियम, आजींची 'डी-थ्री'ची पुडी, कर्त्या पुरुषाची मल्टिव्हिटॅमिनची गोळी, सूनबाईंचे केसांसाठीचे बायोटिन आणि नातवाच्या दुधात घालायची कसलीशी पावडर. या घरात कोणी आजारी नाही. कोणाच्या रक्तात अमुक घटक कमी आहे, असे तपासणीतून निष्पन्न झालेले नाही. तरीही रोज सकाळी देवपूजेच्या नेमाने या गोळ्या घेतल्या जातात आणि एखाद्याने शंका काढलीच, तर ठरलेले उत्तर येते, ''ताकदीची गोळी आहे. घेतली तर बिघडले कुठे?''

बिघडते, हेच या प्रश्नाचे उत्तर आहे. कधी शरीराचे बिघडते, कधी खिशाचे आणि सर्वांत अधिक, स्वतःच्या ताटावरचा विश्वास बिघडतो. हे उत्तर एखाद्या परंपरानिष्ठ वैद्याने किंवा विज्ञानविरोधकाने दिलेले नाही. ज्या पाश्चात्त्य देशांतून या गोळ्यांची सवय इकडे आली, तेथील संशोधकांनीच हजारो माणसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून ते दिले आहे. दुर्दैव एवढेच की, डबे येथवर पोहोचले, पण ते संशोधन वाटेतच राहिले!

उपकाराचा इतिहास

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जीवनसत्त्वांचा शोध ही मानवजातीवर उपकार करणारी घटना होती आणि त्या शोधाशी भारताचे नाते जवळचे आहे. कासिमिर फंक यांनी १९१२ मध्ये 'व्हिटॅमिन' हा शब्द रूढ केला, तेव्हा पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळामुळे होणारा बेरीबेरी हा रोग आशिया खंडात धुमाकूळ घालत होता. त्या रोगाच्या अभ्यासासाठी १९१८ मध्ये दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या पुढाकाराने एक छोटा विभाग सुरू झाला. हैदराबादची आजची राष्ट्रीय पोषण संस्था ही त्याच विभागाचे विस्तारित रूप होय.

मुंबईचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९२८ च्या सुमारास लूसी विल्स ही ब्रिटिश महिला डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये एक विशिष्ट प्रकारचा जीवघेणा पांडुरोग आढळत होता. यीस्टचा अर्क दिल्यावर त्या स्त्रिया बऱ्या होतात, असे तिने दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे पुढे 'फॉलिक अ‍ॅसिड' या नावाने ओळखले गेलेले जीवनसत्त्व. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व केले, ते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. या थोर भारतीय वैज्ञानिकाचे नाव आज किती घरांना ठाऊक आहे? त्यांनी तयार केलेली गोळी मात्र घराघरांत आहे.

या इतिहासातील मर्म एकच. ज्याच्या शरीरात एखाद्या घटकाची उणीव होती, त्याला तो घटक दिला आणि तो बरा झाला. उणीव, निदान, उपचार हा त्याचा क्रम होता. बाजाराने या क्रमातील पहिले दोन शब्द पुसून टाकले. 'कमी असल्यास घ्या' या वैद्यकीय सल्ल्याचे 'रोज घ्या, अधिक घ्या, सर्वांनी घ्या' असे घोषवाक्य झाले. जे कमी पडल्याने माणूस आजारी पडतो, ते जास्त घेतल्याने तो अधिक निरोगी होईल, हे गणित कोणत्याही शास्त्राने मांडलेले नव्हते. ते विक्रेत्यांनी मांडले.

पश्चिमेने स्वतःच दिलेला निकाल

या गणिताची परीक्षा फिनलंडमध्ये झाली. धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना काही वर्षे 'ई' जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटिन, दोन्ही किंवा निव्वळ बनावट गोळी देण्यात आली. गाजरात व हिरव्या पालेभाज्यांत आढळणाऱ्या बीटा-कॅरोटिनमुळे फुप्फुसाचा कर्करोग टळेल, अशी संशोधकांची अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकविश्व हादरले. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता.

हा योगायोग असेल, असे म्हणायलाही जागा उरली नाही. अमेरिकेत १८,३१४ जणांवर असाच दुसरा प्रयोग सुरू होता. त्यात धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले लोक होते. जानेवारी १९९६ मध्ये तो ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावा लागला. बीटा-कॅरोटिन आणि 'अ' जीवनसत्त्व घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण २८ टक्क्यांनी, तर मृत्यूचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक होते. बिडी-सिगारेट सोडल्यानंतर 'फुप्फुसे स्वच्छ करण्यासाठी' अशा गोळ्यांच्या मागे लागणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे वाचले पाहिजेत.

'ई' जीवनसत्त्वाची कथा वेगळी नाही. पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग ते रोखेल, या आशेने ३५,००० हून अधिक पुरुषांवर झालेला प्रयोग २००८ मध्ये थांबवण्यात आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील निष्कर्षांनुसार, केवळ 'ई' जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला होता. 'ड' जीवनसत्त्वाचा गवगवा सर्वाधिक. पण जवळजवळ २६,००० अमेरिकी नागरिकांवरील मोठ्या प्रयोगात, सर्वसाधारण निरोगी माणसांत त्याच्या रोजच्या गोळीने कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचे प्रमाण घटले नाही. हाडे मोडण्याचे प्रमाणही कमी झाले नाही, हे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ मंडळाने कर्करोग व हृदयविकार टाळण्यासाठी बीटा-कॅरोटिन आणि 'ई' जीवनसत्त्व घेऊ नये, अशी शिफारस केली. मल्टिव्हिटॅमिनच्या बाबतीत पुरेसा पुरावा नाही, असे त्याच मंडळाने नमूद केले. २०२४ मध्ये सुमारे ३,९०,००० निरोगी अमेरिकी प्रौढांच्या वीस वर्षांहून अधिक काळच्या नोंदी अभ्यासण्यात आल्या. रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे अधिक जगले, असे त्यात दिसले नाही.

दुसरी बाजूही नोंदवणे न्यायाचे ठरेल. दैनंदिन गरजेएवढीच मात्रा असलेली साधी मल्टिव्हिटॅमिनची गोळी बहुतेक निरोगी प्रौढांना अपाय करत नाही. वृद्धांच्या स्मरणशक्तीला तिचा थोडा लाभ होतो, असे अलीकडील काही प्रयोगांत दिसले आहे. वाद त्या साध्या गोळीशी नाही. 'नैसर्गिक घटक आहे, म्हणजे निर्धोकच' या अंधश्रद्धेशी वाद आहे. गंडेदोऱ्यांना हसणारा सुशिक्षित माणूस जेव्हा निदानावाचून चार-चार गोळ्या गिळतो, तेव्हा त्याच्या श्रद्धेला डोळस कसे म्हणायचे?

मात्रेचा विसर

औषध आणि विष यांतील अंतर योजनेवर अवलंबून असते, हे चरकसंहितेने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. आधुनिक विषशास्त्राचाही पाया मात्रा हाच आहे. नेमका तोच विचार या डब्यांच्या बाजारात हरवला आहे.

'ड' जीवनसत्त्वाची पुडीच घ्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाची दैनंदिन गरज ६०० युनिट आहे आणि रोजची कमाल मर्यादा ४,००० युनिट. औषधाच्या दुकानात सर्रास मिळणाऱ्या पुडीत असतात ६०,००० युनिट, म्हणजे शंभर दिवसांची गरज! ही पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. पण डॉक्टरांची चिठ्ठी जुनी होते, पुडी मात्र चालूच राहते. कोणी ती चुकून रोज घेतो. हे जीवनसत्त्व मेदात साठते. 'क' जीवनसत्त्वासारखे लघवीवाटे सहज निघून जात नाही. मग रक्तातील कॅल्शियम वाढते, मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा ही लक्षणे दिसू लागतात आणि प्रकरण मूत्रपिंडापर्यंत जाते. आजींना 'वयामुळे असे होत असेल' असे घरातील सारे म्हणत असतात आणि कारण टेबलावरच्या डब्यात असते.

लोहाचेही तसेच. ज्याला लोहाची कमतरता आहे, त्याला ते संजीवनी आहे. पण थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन थोडे कमीच असते आणि त्याचे कारण बहुधा लोहाची उणीव नसते. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत याचे प्रमाण अधिक आहे. अशा व्यक्तीला तपासणी न करता 'रक्त वाढवण्यासाठी' महिनोन्‌महिने लोह देत राहण्याने रक्त वाढत नाही. साठतो तो निव्वळ लोहाचा भार. घरात लहान मूल असेल, तर धोका आणखी निराळा. गोड चवीच्या, रंगीत वेष्टनातील लोहाच्या गोळ्या मुलाने मूठभर खाल्ल्या, तर ते प्राणावर बेतू शकते.

'बी-सिक्स' हे नसांसाठी चांगले म्हणून घेतले जाते. पण मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास तेच नसांना इजा करते, हातापायांना मुंग्या आणते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याची रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे रक्ततपासणीचे निष्कर्षच चुकू शकतात. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणाऱ्या चाचणीचाही त्यात समावेश असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीसोबत घेतली, तर थायरॉइडचे औषध नीट शोषले जात नाही. रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांचा परिणाम 'के' जीवनसत्त्वाने कमी होतो. कॅल्शियम आणि 'ड' घेणाऱ्या ३६,००० हून अधिक प्रौढ अमेरिकी स्त्रियांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुतखड्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेले आढळले. डॉक्टरांनी 'कोणती औषधे चालू आहेत?' असे विचारल्यावर या डब्यांचा उल्लेखही कोणी करत नाही. कारण घरच्यांच्या लेखी ती औषधेच नसतात.

कायद्यात अन्न, जाहिरातीत अमृत

ती औषधे का नसतात, याचे उत्तर कायद्यात आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने अशी पूरके 'अन्न' या सदरात घातली. नव्या औषधाला बाजारात येण्यापूर्वी गुणकारितेचे जे पुरावे द्यावे लागतात, ते अन्नाला द्यावे लागत नाहीत. म्हणूनच डब्याच्या एका बाजूला बारीक अक्षरात 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापलेले असते आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात 'रोगप्रतिकारशक्ती', 'हृदयाचे आरोग्य', 'दिवसभर उत्साह' अशी अभिवचने! नफा घेताना अमृत आणि जबाबदारी घेताना निव्वळ अन्न, असा हा दुटप्पी व्यवहार आहे. २०२० च्या महामारीत भीतीने ग्रासलेल्या घरांत 'क' जीवनसत्त्व व जस्ताच्या गोळ्यांचे साठे झाले. त्यांच्या मोठ्या मात्रेने कोविडच्या रुग्णांची लक्षणे लवकर ओसरत नाहीत, हे २०२१ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीने दाखवले. तोवर गल्ले भरून झाले होते.

स्वदेशीलाही तीच कसोटी

येथे काही मंडळी टाळ्या वाजवतील, ''पाश्चात्त्य गोळ्या सोडा आणि आपली स्वदेशी चूर्णे घ्या!'' त्यांनी जरा थांबावे.

स्वदेशी म्हणजे डब्यावरील भगवा रंग आणि ऋषींचे चित्र नव्हे. निदानावाचून, मात्रेवाचून, प्रकृतीचा विचार न करता रोज गिळलेली अश्वगंधाची कॅप्सूल ही तितकीच अनायुर्वेदिक आहे. बाटलीवरचे नाव संस्कृत असले, तरी मागची वृत्ती त्याच भोगवादी बाजाराची आहे. कोविडकाळात गुळवेल अमर्याद प्यायलेल्या काही रुग्णांना यकृताचा विकार झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद शास्त्रीय पद्धतीनेच मिटला पाहिजे. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, हे मात्र नाकारता येत नाही. २०२४ मध्ये एका मोठ्या स्वदेशी उत्पादकाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयाने खडसावले, तेव्हा मान खाली गेली ती एका कंपनीची नव्हे, तर आयुर्वेदावर मनापासून विश्वास ठेवणाऱ्या लाखो लोकांची. अशा वेळी 'हा परकीयांचा कट आहे' असे म्हणून सुटका करून घेणे सोपे असते; पण ज्याला स्वदेशीची खरी चाड आहे, त्याने स्वदेशी उत्पादनावर अधिक कठोर कसोटी लावली पाहिजे. परक्याने फसवले, तर पैसा जातो. आपल्याने फसवले, तर श्रद्धा जाते.

याहून बोचरा प्रश्न साखळी विक्रीचा आहे. सामाजिक कामातून जोडलेली घरे ही कार्यकर्त्याची मोठी ठेव असते. दारावरची थाप ओळखीची असते, म्हणून दार उघडते, चहा होतो. मग एके दिवशी तोच परिचित कार्यकर्ता पिशवीतून पूरकांचे डबे काढतो, 'तुम्हीही सभासद व्हा' म्हणतो आणि समोरच्याला भिडेपोटी नकार देता येत नाही. २०२१ च्या थेट विक्री नियमांनी माणसे जोडण्यावरच पैसा मिळवून देणाऱ्या पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. पण कायद्याने मान्य असलेले सारेच कार्यकर्त्याला शोभणारे असते काय? संपर्क हा समाजासाठी असतो, कमिशनसाठी नव्हे. ज्या घरातून संकटाच्या वेळी माणूस मिळायचा, त्या घराला गिऱ्हाईक बनवणे ही संघटनेच्या शिदोरीतून केलेली उचलच होय.

ज्यांना खरोखर हवे आहे

या विवेचनाचा कोणी असा अर्थ काढू नये की, सर्व गोळ्या फेकून द्याव्यात. तसे करणे हा दुसऱ्या टोकाचा अविवेक ठरेल. 'बी-१२' हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून जवळजवळ मिळत नाही. दूध-दही-ताक बेताचे असलेल्या शाकाहारी घरांत, विशेषतः वयस्करांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत त्याची उणीव वारंवार आढळते. शाकाहाराचा अभिमान जरूर असावा. पण त्या अभिमानाने नसांचे रक्षण होत नाही. तपासणी करून, उणीव असेल तर 'बी-१२' घेण्यात कोणताही कमीपणा नाही. गर्भधारणेपूर्वी व आरंभीच्या महिन्यांत घेतलेले फॉलिक अ‍ॅसिड बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मजात दोष टाळते, हे १९९१ पासून निर्विवाद आहे.

आणि २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये पांडुरोग आढळला. शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळणारी लोह व फॉलिक अ‍ॅसिडची गोळी ही त्यांच्यासाठीच आहे. गर्भवतीने ती १८० दिवस घ्यायची असते. विसंगती पाहा. शहरातील भरल्या घरात गरज नसताना महागड्या गोळ्या गिळल्या जातात आणि पाड्यावरील मातेला फुकट मिळणारी गोळी कोणी समजावून न सांगितल्याने कोपऱ्यात पडून राहते. ज्याला आपल्या कार्यकर्तेपणाचा उपयोग करायचा आहे, त्याने डबे विकण्याऐवजी ही गोळी त्या मातेच्या हाती जाते का आणि पोटात जाते का, एवढे पाहावे. लूसी विल्सने मुंबईत केलेल्या कामाचे ते खरे पुढचे पाऊल ठरेल.

ताटाकडे परत

उरलेल्यांसाठी उपाय स्वयंपाकघरात आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. एका मध्यम आकाराच्या आवळ्यात 'क' जीवनसत्त्वाची दिवसाची गरज साधारणपणे भागते. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, शेवग्याचा पाला, तिळाची चटणी, बाळंतिणीला दिले जाणारे आळिवाचे लाडू ही यादी कोणत्याही कारखान्यात तयार झालेली नाही. पोह्यांवर लिंबू पिळण्याची साधी रीतसुद्धा सार्थ आहे. लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह अधिक शोषले जाते. उलट, जेवणानंतर लगेच घेतलेला चहा ते शोषण रोखतो. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. जगाला नाचणी-बाजरीचे महत्त्व सांगणाऱ्या देशातील माणसाने स्वतः मैद्याची बिस्किटे खावीत आणि उणीव भरण्यासाठी कॅप्सूल घ्यावी, हा कसला स्वाभिमान?

तात्पर्य, प्रत्येक घराने या आठवड्यात एक साधे काम करावे. टेबलावरचे सारे डबे, पुड्या, चूर्णे, देशी आणि विदेशी, एका पिशवीत घालून विश्वासातील डॉक्टर किंवा वैद्यांसमोर ठेवावीत आणि प्रत्येकाबद्दल तीन प्रश्न विचारावेत. उणीव कोणत्या तपासणीत दिसली? मात्रा किती? थांबायचे केव्हा? चालू असलेले औषध मनानेच बंद करू नये. पण या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या डब्याला नसतील, त्याला टेबलावर जागाही नसावी.

उणिवेवर उपचार करावा. भीतीवर करू नये. भीती विकत घेणारा समाज पुढे काहीही विकत घेतो.